वडापमधलं लाल बटण

ताईंनो, बाजाराहून वडापने येताना सीटजवळचं लाल बटण कधी पाहिलंय? 2012 साली दिल्लीतल्या बसमध्ये जे घडलं, त्यानंतर केंद्र सरकारने नियम केला. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या बस, टॅक्सी अशा प्रवासी गाड्यांत जीपीएस यंत्र आणि हे संकटाचं बटण हवंच. ते दाबलं की गाडी कुठे आहे ते नियंत्रण कक्षाला कळायला हवं. यंत्रात सिम असतं, त्यामुळे घाटात रेंज गेली की निरोप अडकतो. तीनचाकींना तर नियमातून सूटच आहे, आणि आपण बसतो जास्त रिक्षातच!

मग सगळ्याच गाड्यांना सक्ती करावी का? मला विचाराल तर नको. भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर अनोळखी असतो, तिथे नजर हवी. पण तुमची स्वतःची स्कूटी? गटाच्या मीटिंगला, दवाखान्यात, माहेरी कधी गेलात याची नोंद झाली, तर ती बघणार कोण? (कुठे थांबलीस म्हणून विचारणारे घरात कमी आहेत का!) खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच सांगितलंय.

पुढच्या वेळी गाडीत बसलात की बटण शोधा, चालू आहे का ते ड्रायव्हरदादांना विचारा. रिक्षात असाल तर मोबाईलवरून 112 लावा.