गवत कापायचं, पण कधी? – श्रोत्यांच्या प्रश्नावरचा भाग

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी, थोडी काटछाट करून.)

मागच्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. त्यांच्या गावात नगरपरिषदेची बाग आहे, पलीकडे मोकळं मैदान. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी माणसं ब्रश कटर घेऊन येतात आणि सगळं भुईसपाट करतात. ताईंना अर्ज द्यायचाय, की मधमाश्या-फुलपाखरांसाठी गवत कापूच नका. "काय लिहू?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, "कापूच नका" एवढं मात्र लिहू नका. का, ते सांगतो.

इंग्लंडमध्ये 'प्लांटलाइफ' ही संस्था 'नो मो मे' नावाची मोहीम चालवते. मे महिन्यात हिरवळ कापू नका, फुलं येऊ द्या. तिथे मे म्हणजे वसंत, त्यामुळे ठीक. आपल्याकडे मेमध्ये कापायला असतं काय? अमेरिकेत ॲपलटन शहरानं हीच मोहीम राबवली. त्यावरचा 2020 चा शोधनिबंध खूप गाजला आणि 2022 मध्ये माहितीतल्या विसंगतींमुळे मागे घेतला गेला. म्हणजे कल्पना चुकीची असं नाही, पण महिनाभर हात बांधून बसलं की काम झालं, इतकं ते सोपं नाही.

मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते इंग्लंडमधलंच डॉर्सेट. तिथले निसर्गतज्ज्ञ फिल स्टर्लिंग यांचा मुद्दा असा, की गवत कापण्यापेक्षा कापलेलं गवत तिथेच टाकणं हा खरा घोटाळा आहे. ते कुजतं, जमिनीला खत मिळतं, मग दांडगं गवत आणखी जोमानं वाढतं आणि नाजूक फुलझाडं त्याखाली गुदमरतात. परत कापा, परत खत! उलट कापलेलं उचलून नेलं, तर माती वर्षागणिक हलकी होत जाते. गवताचा जोर ओसरतो, फुलांना जागा मिळते आणि कापण्याच्या फेऱ्याही कमी होतात. पालिकेचा खर्च वाचतो, आणि अर्जात वजन याच वाक्याला असतं, हे लक्षात ठेवा.

तिथे वेमथ गावाजवळ 2011 मध्ये नवा रस्ता झाला. कडेच्या उतारांवर जाड सुपीक माती टाकायची पद्धत असते. तिथे चुनखडीच्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर दिला आणि रानफुलांचं बी पेरलं. त्यात किडनी व्हेच नावाचं पिवळं फूल होतं. 'स्मॉल ब्लू' या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या तिथे फक्त त्यावरच जगतात. झाड आलं, मागोमाग फुलपाखरूही आलं.

आता आपल्याकडे येऊ. खरं तर कापून उचलून नेणं आपल्याला नवीन नाही. कुरणांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. पावसाळ्यात गवत राखायचं, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापायचं, पेंढ्या बांधून गुरांसाठी न्यायच्या. तोवर तेरडा, सोनकी, कुर्डू फुलून त्यांचं बी पडायला लागलेलं असतं. बागेतल्या त्या कोरियन कार्पेट लॉनवर मात्र माशीला बसायला एक फूल नाही, आणि वर उन्हाळाभर पाणी पाजायचं. मला हा प्रकार कधी कळलाच नाही.

आणि माश्या म्हटलं की फक्त आग्या, सातेरी, फुलोरी डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक माश्या एकेकट्या राहतात आणि त्यातल्या कितीतरी जमिनीत बिळं करतात. निळ्या पट्ट्यांची माशी घ्या. वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या पुंकेसरात असतात, टोकाला बारीक भोकं. ही माशी फुलाला धरून गुंगुं करत थरथरते आणि पराग खाली सांडतात. सातेरीला ही युक्ती जमत नाही. त्यामुळे मैदानाची प्रत्येक उघडी जागा पेव्हर ब्लॉकनं झाकू नका, हेही अर्जात घाला.

विरोध होणारच. पहिला शब्द साप, दुसरा डास. सापाची भीती खोटी म्हणून उडवून लावू नका, तिथे मुलं खेळतात. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी एक-दीड मीटर पट्टा नेहमी छाटलेला ठेवायचा, खेळायची जागा वेगळी आखायची. कडा नीट असली की लोकांनाही दिसतं, हे दुर्लक्ष नाही, ठरवून राखलंय. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, तेव्हा आधी डबकी आणि टायर बघायला सांगा.

अजून एक. गाजर गवत राखायचं नाही. फुलण्याआधी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. आणि उत्साहाच्या भरात कॉसमॉसच्या बियांची पाकिटं उधळू नका! दिसायला झकास, पण परदेशी आहे, पुण्याच्या टेकड्यांवर त्यानं स्थानिक झाडांची जागा किती खाल्लीय ते जाऊन बघा.

तर ताई, अर्जात एवढं मागा: मैदानाचा एकच कोपरा, जून ते दिवाळी न कापता. मग एकदा कापणी, त्यातही एक तृतीयांश भाग पुढच्या वर्षीसाठी तसाच, कारण अंडी आणि कोष वाळक्या काड्यांवरच असतात. दरवर्षी तो भाग बदलायचा, आणि उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटू नये म्हणून त्याच्याभोवती मोकळा पट्टा ठेवायचा. कापलेलं गवत गोशाळेला किंवा खतखड्ड्यात, पण जागेवरून उचलायचंच. आणि "इथे रानफुलं राखली आहेत" असा एक फलक, कापणाऱ्या माणसाला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत.