तारेचा नाद आणि पायाखालचें यंत्र

एकच षड्ज सतारीवर छेडला, बासरींत फुंकला किंवा सारंगीवर गजानें काढला, तरी डोळे मिटून बसलेला श्रोता तीं तीन वाद्यें सहज ओळखतो. स्वराची उंची तीच. नादाची जाति मात्र निराळी. स्वरासमवेत कोणते उपस्वर उमटतात, आणि नाद कसा उठतो व कसा विरतो, यांवर ती अवलंबून असते. ही जाति वाद्याच्या लाकडांत व तारेंत कायमची ठरलेली, अशी समजूत फार जुनी. विसाव्या शतकांत विजेच्या सिंथेसायझरनें ती मोडली. १९७० सालीं अमेरिकेंत निघालेला मिनीमूग वादकाला पुढ्यांत ठेवून वाजवितां येई, आणि एकाच कळफलकावरून अनेक जातींचे नाद काढी.

तथापि कळफलकाची पट्टी आणि गिटारची तार यांत मोठा भेद आहे. पट्टी दाबली कीं अमुक स्वर वाजव, असा नेमका हुकूम यंत्रास मिळतो. तारेकडून असा हुकूम मिळत नाहीं. ती नखीनें छेडली जाते, बोटानें ओढली जाते. तिचा स्वर कांपतो, घसरतो. दोन स्वरांमधली ही वाट पट्ट्यांना बंद असते, हें भारतीय श्रोत्यांस नव्यानें सांगावयास नको. हार्मोनियमवर मींड निघत नाहीं, हा एक प्रमुख आक्षेप घेऊन ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं त्या वाद्यास दार बंद केलें होतें, आणि तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं.

तेव्हां तारेचा हा गुण न गमावतां गिटारच्या नादाची जाति पालटतां येईल काय, हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकांत यंत्रकारांपुढें उभा राहिला. एका पक्षानें तारेचा स्वर मोजून त्याप्रमाणें निराळ्या यंत्राकडून नाद काढविण्याचा मार्ग धरिला. अमेरिकेंतील आर्प कंपनीचें १९७७ चें ‘अवतार’ हें यंत्र त्याच मार्गाचें. पण गिटारची सर्वांत खर्ज तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंप पावते; म्हणजे एका कंपनासच सेकंदाचे सुमारें १२ सहस्रांश लागतात. कंपन पुरें होण्यापूर्वीं त्याची मोजणी कशी व्हावी? त्यामुळें उत्तर मागून येई, आणि उपस्वरांच्या गर्दींत कधीं कधीं चुकीचेंहि येई. ‘अवतारा’स पुरेसे गिऱ्हाईक लाभलें नाहीं. आर्प कंपनीहि १९८१ सालीं बंद पडली.

दुसऱ्या पक्षानें मोजणीचा नाद सोडून तारेच्या लहरीलाच हवा तो आकार देण्याचें ठरविलें. माइक मॅथ्यूज यांनीं १९६८ सालीं न्यू यॉर्क येथें स्थापिलेल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा मायक्रो सिंथेसायझर हें याचें नामांकित उदाहरण. त्याच्या मागें डेव्हिड कॉकरेल या इंग्रज यंत्रज्ञाचें डोकें होतें. लंडनमधील व्हीसीएस-३ या १९६९ च्या सिंथेसायझरच्या रचनेंतहि त्यांचा वांटा होता. हें पेडल वादकाच्या पायापाशीं जमिनीवर बसतें, आणि त्यावर दहा सरकत्या दांड्या असतात.

त्याची कृति समजण्यास कठीण नाहीं. गिटारची पांचवी तार मोकळी छेडली असतां सेकंदास ११० कंपनें होतात. ही लहर चार वाटांनीं जाते. पहिल्या वाटेनें ती जशीच्या तशी राहते. दुसरींत तिचे माथे व तळ छाटले जाऊन ती चौकोनी बनते, आणि क्लॅरिनेटसारखा पोकळ, किंचित् खरखरीत नाद देते. तिसरींत लहरीचा खालचा अर्धा भाग उलटून वर घेतला जातो. कंपनें दुप्पट, म्हणजे २२० होऊन वरच्या सप्तकांतला स्वर निघतो. चौथींत दर दोन कंपनांमागें एकच मोजणारें मंडल असतें. त्यामुळें ५५ कंपनांचा खालच्या सप्तकांतला नाद घुमूं लागतो.

हे चार नाद हव्या त्या प्रमाणांत मिसळून एका गाळणींतून जातात. ती उंच उपस्वर अडविते, आणि स्वर छेडतांच तिची मर्यादा सरकूं लागते. मिटल्या ओठांनीं ‘ऊ’ म्हणतां म्हणतां तोंड ‘आ’ असें उघडावें, तसा कांहींसा तो ध्वनि असतो. शिवाय नखीचा आघात झांकून नाद हळूहळू फुगवितां येतो. मग गिटार छेडली नसून गजानें ओढली, असा भास होतो.

या सोयीस मर्यादाहि आहे. दोन तारा एकदम छेडल्या कीं मोजणारें मंडल गोंधळतें व नुसती गुरगुर ऐकूं येते. स्वर विरतांना एखादा उपस्वर वरचढ झाला, तर खर्जाचा नाद अडखळतो. म्हणून जाणते वादक एका वेळीं एकच स्वर घेतात, इतर तारा तळव्यानें दाबून धरितात आणि आघात सारखा ठेवितात. जपानच्या रोलंड कंपनीनें १९८० च्या जीआर-३०० या यंत्रांत सहा तारांस सहा स्वतंत्र मंडलें देऊन ही अडचण दूर केली. पण त्यासाठीं खास गिटार घ्यावी लागे. पॅट मेथेनी यांच्या १९८२ च्या ‘ऑफरॅम्प’ या ध्वनिमुद्रिकेंत तिचा तुतारीसारखा चढा नाद ऐकावयास मिळतो.

१९८३ नंतर अंकीय सिंथेसायझरांचा प्रसार झाला आणि हीं जुनीं यंत्रें मागें पडलीं. आज अंकीय पेडलें अनेक स्वर एकदम सांभाळतात. तरीहि जुन्या पेडलांचा शोध थांबलेला नाहीं, आणि मायक्रो सिंथेसायझर तर पुढें पुन्हां बनविण्यांत आला. याचें कारण केवळ जुन्याचा मोह नव्हे. या पेडलांतला नाद तारेच्याच लहरींतून घडतो. म्हणून बोटाची ओढ, कंप, मींड आणि आघाताचा जोर हीं सारीं त्यांत तत्क्षणीं उतरतात. जें यंत्र हाताची चूक झांकीत नाहीं, तें हाताचें कसबहि झांकीत नाहीं.