रेती, बर्फ आणि चिखल: घसरण्यामागचे गणित

हिमस्खलन म्हटले की आपल्या भंडाऱ्यात बहुतेकांना सिनेमा आठवतो: कुणीतरी मोठ्याने ओरडतो आणि बर्फाचा गोळा गडगडत मोठा होत येतो. दोन्ही गोष्टी खोट्या. आवाजाचा दाब त्यासाठी फारच क्षीण. जीवघेण्या हिमस्खलनात बहुधा वरच्या घट्ट थराखाली एक कच्चा थर दडलेला असतो. माणसाचे वजन पडले की वरची अख्खी पाटीच सुटते. चढ जितका उभा तितका धोका जास्त, हेही खरे नाही. 30 ते 45 अंशांचा उतार सर्वांत घातकी. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचत नाही.

वैनगंगेच्या रेतीघाटावर टिप्पर रिकामा होताना पाहा. कोरड्या रेतीचा ढीग साधारण 34 अंशांवर थांबतो. आणखी ओता, वरचा पातळ थर घसरेल आणि उतार पुन्हा तेवढाच. कण कणाला घासतो, वेग मरतो. भुसभुशीत बर्फात मात्र हवा मिसळते आणि तो लोट ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. ज्वालामुखीची तप्त राख वायूच्या जोरावर अशीच धावते. म्हणजे काय घसरते यापेक्षा कणांच्या मधे काय भरले आहे, ते महत्त्वाचे.

मधे पाणी भरले की उताराचीही फारशी गरज उरत नाही. 1929 साली न्यूफाउंडलंडजवळ भूकंपाने सुटलेल्या गाळाच्या लोटाने समुद्रतळावरच्या टेलिग्राफच्या तारा एकामागून एक तोडल्या. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातले माळीण गाव गाडले गेले, तेही पावसाने तुडुंब भिजलेल्या मातीखाली.

उत्तराखंडातल्या चमोलीत 7 फेब्रुवारी 2021 ला पूर आला, तेव्हा ‘हिमनदी फुटली’ असे अनेकांनी सांगितले. प्रत्यक्षात रोंटी शिखराचा खडक आणि बर्फ मिळून सुमारे 2.7 कोटी घनमीटरचा कडा सुटला होता. घर्षणाने वाटेतच बर्फ वितळला आणि दरडीचा चिखललोंढा झाला.

‘पाण्याने माती सैलच होते’ हा समजही अर्धवट. थोडा ओलावा रेतीला बांधून ठेवतो; म्हणून रेतीच्या खड्ड्याची भिंत सरळ उभी राहते आणि भक्कम वाटते. ऊन लागून ती वाळली, किंवा पाण्याने चिंब झाली, की कोसळते. अशा भिंतीखाली सावलीला बसू नका, पोरांना तर तिकडे फिरकूच देऊ नका.