ऊस उदंड, भात बोटीने

बेटं आणि भाकरी : लेखांक चौथा

मागच्या आठवड्यात आपण तुवालूत होतो. प्रवाळाची चिंचोळी जमीन, त्यात गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खणलेले खड्डे, त्या खड्ड्यांत लावलेला अळूच्या जातीचा पुलाका, आणि खालून खारं पाणी चढलं की कामातून जाणारं ते सगळं. ते वाचल्यावर बेटावर शेती होणार तरी कशी, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून या वेळी मुद्दाम उलटं उदाहरण घेतो.

मॉरिशसला माती आहे. ज्वालामुखीच्या खडकातून झालेली, कसदार. पाऊस वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिप्पट, आणि माणसं जेमतेम साडेबारा लाख. शेतीचा अनुभव तीन शतकांचा, ऊस संशोधनाची संस्था जगात नावाजलेली. एवढं सगळं असून हा देश खातो त्यातला सुमारे तीन चतुर्थांश माल बाहेरून येतो. तांदूळ जवळजवळ सगळा.

पोर्ट लुईच्या बाजारात सकाळी गरम डाळपुरी मिळते. पिवळ्या डाळीचं पुरण भरून लाटलेली ही पातळ पोळी म्हणजे आपल्या पुरणपोळीची मिठाची चुलत बहीण. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय आणि मिरचीची चटणी घालून, कागदात गुंडाळून हातात देतात. देशाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात तो हाच. आता त्यात काय काय आहे ते बघा. गहू परदेशातला, बेटावर तो फक्त दळला जातो. डाळ परदेशातली, तेल परदेशातलं. टोमॅटो, कोथिंबीर आणि मिरची मात्र तिथलीच. ताज्या भाजीत मॉरिशस बराचसा स्वयंपूर्ण आहे. कोंबडी आणि अंडीही देशातच पुरेशी होतात, पण त्या कोंबड्या ज्या मक्यावर आणि सोयाबीनवर पोसल्या जातात ते बोटीतून उतरतं. त्यामुळे सरकारी तक्त्यात कोंबडीपुढे ‘स्वयंपूर्ण’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते जरा जपूनच वाचावं.

हे असं का झालं, याचं उत्तर निसर्गात नाही, व्यवहारात आहे.

डचांनी १६३९ साली जावाहून उसाचं बेणं आणलं. त्यांना त्यातून मुख्यतः दारू गाळायची होती. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले, ऊस राहिला. फ्रेंचांच्या काळात बेट हे हिंदी महासागरातून जाणाऱ्या जहाजांचं विश्रांतीचं आणि शिध्याचं ठिकाण होतं. १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माए द ला बूर्दोने याने गुलामांच्या पोटाची सोय म्हणून ब्राझीलहून कसाव्याची लागवड आणली, तीही वादळात टिकणारा कंद म्हणून. म्हणजे तोवर बेटावर काय पिकवायचं हे ठरवताना तिथल्या माणसांच्या पोटाचा विचार, निदान मालकाच्या सोयीपुरता तरी, होत होता. १८१० मध्ये ब्रिटिश आले आणि १८२५ मध्ये त्यांनी मॉरिशसच्या साखरेवरचा जकातीचा दर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका केला. लंडनचा बाजार उघडला. त्यानंतर दिसेल त्या जमिनीत ऊस लागला.

ऊस लावायला माणसं हवी होती. १८३५ मध्ये गुलामी संपली, आणि त्याच सुमारास हिंदुस्थानातून कराराने मजूर नेणं सुरू झालं. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांहून अधिक लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही. कोकणातून गेलेल्या त्या लोकांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. या करारांत पगाराबरोबर शिधा लिहिलेला असे : तांदूळ, डाळ, मीठ, तेल किंवा तूप. माझ्या मते आजच्या आयातीचं मूळ या ओळीत आहे. हा तांदूळ बेटावर पिकवायचा विचार मळेवाल्यांनी केला नाही. तो हिंदुस्थानातून आणणं सोपं होतं. मजूर आणणारा जहाजांचा रस्ता होताच. माणूस आला आणि त्याचं जेवण त्याच्या मागोमाग आलं.

मळेवाले मूर्ख नव्हते, हेही सांगायला हवं. उसाची त्या बेटाशी खरोखर गट्टी जमते. दर उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, चक्रीवादळांचा धोका असतो. वांगी, टोमॅटो, केळी एका रात्रीत आडवी होतात. ऊस लोळतो, तुटतो, पण मुळं जमीन सोडत नाहीत आणि पुन्हा फुटतो. १९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ वादळाने बेटाची दाणादाण उडवली. हजारो घरं पडली, साखरेचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा पाच लाख टनांवर होतं. आपल्याकडे एक-दोन खोडव्यांनंतर ऊस मोडायची भाषा सुरू होते, तिथे एका लावणीवर सहा-सात खोडवे सहज घेतात. शिवाय जमीन दगडांनी भरलेली. मजुरांनी हातांनी वेचून रचलेले काळ्या दगडांचे प्रचंड ढीग आजही उसाच्या फडांत उभे आहेत. अशा रानात भाताची खाचरं कुठे काढणार?

तर सौदा असा होता : एकरभर जमिनीत साखर पिकवा, ती विका, आणि त्या पैशात कित्येक एकरांचा तांदूळ विकत घ्या. वहीवर हा हिशेब दीडशे वर्षं चुकला नाही. फक्त त्यात दोन परकी माणसं गृहीत धरलेली होती. एक साखर घेणारा, दुसरा तांदूळ देणारा.

तांदूळ देणारा पहिल्यांदा गायब झाला तो १९४२ मध्ये. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला. वसाहत सरकारने मळ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग अन्नपिकांना द्यायला लावला. मका, कसावा, रताळी लावली गेली. लोकांनी मक्याच्या पिठावर आणि कसाव्यावर दिवस काढले. युद्ध संपलं, तांदळाची जहाजं परत आली आणि मका-कसावा जसा आला तसा गेला. जमिनीत अन्न पिकू शकतं हे सिद्ध झालं होतं. पण बोट येत असताना ते कुणाला नको होतं.

साखर घेणाऱ्याची गोष्ट जास्त लांबली, आणि तिचा शेवट कागदावरच झाला. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक साखर होती. १९७५ च्या लोमे करारात युरोपने मॉरिशसकडून दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायचं मान्य केलं. हा भाव कित्येक वर्षं जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिप्पट असे. करारात मुदत घातलेली नव्हती, तो कायमचा मानला गेला. या पैशावर मॉरिशसने शाळा, दवाखाने, कापडगिरण्या आणि हॉटेलं उभी केली. त्या काळात ‘भात का पिकवत नाही’ असं तिथल्या अर्थमंत्र्याला विचारलं असतं तर तो हसला असता, आणि त्याचं हसणं बरोबर ठरलं असतं.

मग ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर-अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि ते जिंकले. युरोपला आपली व्यवस्था बदलावी लागली. २००६ ते २००९ या काळात हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला गेला, आणि २००९ मध्ये तो ‘कायमचा’ करारही संपला. या भांडणात मॉरिशस वादी नव्हता, प्रतिवादीही नव्हता.

परिणाम डोळ्यांना दिसतात. १९७३ मध्ये सात लाख टनांवर गेलेली साखर आता अडीच लाख टनांच्या आत आहे. स्वातंत्र्याच्या वेळी वीसच्या घरात असलेले कारखाने तीनवर आले. उरलेल्यांनी डोकं चालवलं : डेमेरारा, मस्कोवाडो अशा खास साखरा, चिपाडावर वीज, मळीपासून मद्यार्क. छोट्या उसवाल्यांनी मात्र शेत सोडलं, कारण दहा-वीस गुंठ्यांत तोडणीचा खर्चही निघेना.

इथे कुणीही विचारेल की सुटलेल्या जमिनीत अन्न का लावलं नाही? काही ठिकाणी लावलं. उसाच्या दोन ओळींत बटाट्याचं आंतरपीक घेणं तर मॉरिशसने फार आधी सुरू केलं होतं, आपल्या ऊसकरी शेतकऱ्याला ते नवं नाही. पण साडेबारा लाखांचा बाजार फार लहान असतो. एका गावच्या सगळ्यांनी कोबी लावला की महिन्याभरात कोबी मातीमोल. वादळ आलं की तोच कोबी सोन्याच्या भावाने. मजूर मिळत नाहीत, तरुण हॉटेलांत आणि कार्यालयांत गेले, शेतकऱ्याचं वय वाढलं. आणि मुख्य म्हणजे समुद्र दिसणाऱ्या जमिनीवर परदेशी गिऱ्हाइकासाठी बंगला बांधला तर जे मिळतं, ते कोणतीही भाजी देणार नाही. सरकारनेच अशा बंगल्यांच्या आणि ‘स्मार्ट’ शहरांच्या योजना काढल्या. अन्नसुरक्षेचं धोरणही त्याच सरकारचं. दोन्ही फायली बहुधा वेगवेगळ्या मजल्यांवर असाव्यात.

याच सुमारास दुसरा भिडूही हलला. २००७-०८ मध्ये भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात रोखली, व्हिएतनामनेही हात आखडला. टनाला साडेतीनशे-चारशे डॉलरच्या आसपास असलेला थाई तांदूळ २००८ च्या मे महिन्यात हजार डॉलरला भिडला. मॉरिशसमध्ये गरिबांचा ‘रेशन तांदूळ’ सरकारी व्यापार महामंडळ बाहेरून घेऊन सवलतीने विकतं, त्यामुळे फटका थेट तिजोरीला. सरकारने अन्नसुरक्षा निधी काढला. मोझांबिकमध्ये सुमारे २० हजार हेक्टर जमीन भाताकरता मिळवण्याचा घाट घातला. दुसऱ्याच्या देशातली जमीन हा उपाय ऐकायला भारी वाटतो. पण त्या शेतातलं पीकही बोटीनेच यायचं, आणि टंचाईच्या वर्षी मोझांबिकचं सरकार आपल्या भुकेल्या लोकांसमोरून ती बोट जाऊ देईल, असं धरून चालायचं. शेजारी मादागास्कर आहे, भातखाऊ आणि प्रचंड. तो स्वतःच तांदूळ आयात करतो.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडची टाळेबंदी आली तेव्हा मॉरिशसने किराणा दुकानं आणि बेकऱ्याही आठवडाभराहून अधिक बंद ठेवल्या. नंतर आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वार ठरवून लोकांना खरेदीला सोडलं. दुकानांत माल होता, बोटी येत होत्या. तरी परसात मिरची-वांगी लावणारे एकदम वाढले. ती भीती कुठली होती हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. कारणं देशातली होती, महागाईची आणि पावसाची. बंदीच्या आदेशात एक फट ठेवलेली असते : एखाद्या देशाच्या सरकारने अन्नसुरक्षेसाठी विनंती केली, तर परवानगी देता येते. ऑगस्टच्या अखेरीस त्या फटीतून मॉरिशसला १४ हजार टन तांदूळ मंजूर झाला. डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, ते आपल्याला आठवतं. मार्च २०२४ मध्ये काही देशांसाठी पुन्हा फट उघडली : बांगलादेशाला ५० हजार टन, बहारीनला तीन हजार, मॉरिशसला १,२०० टन. हा कांदा सहकारी निर्यात संस्थेमार्फत मुख्यतः महाराष्ट्रातूनच उचलला जाणार होता.

१,२०० टन म्हणजे बारा हजार क्विंटल. ऐन हंगामात लासलगावला एका दिवसात एवढी आवक होऊन जाते. ज्या शेतकऱ्याचा कांदा चाळीत सडत होता त्याच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे थट्टाच. पोर्ट लुईमध्ये मात्र तेवढ्यासाठी एका सरकारला दुसऱ्या सरकारकडे अर्ज करावा लागला. निर्यातबंदीवर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली गेली. त्यात शेतकरी होता, शहरातलं गिऱ्हाईक होतं, निवडणूकही होती. रुगायच्या फोडणीसाठी कांदा शोधणारा मात्र कुठेच नव्हता.

त्याच वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, भारताने आणखी एका बेटाला ३५,७४९ टन कांदा मंजूर केला. सोबत १,२४,२१८ टन तांदूळ आणि पावणेत्रेचाळीस कोटी अंडी. त्या देशाची लोकसंख्या मॉरिशसच्या निम्म्याहूनही कमी, शेतजमीन नावापुरती, आणि त्या दिवसांत दिल्लीशी त्याचे संबंध चांगलेच ताणलेले. तरी कोटा मिळाला, कारण १९८१ पासून दोन देशांत तसा करार आहे आणि दरवर्षी आकडे ठरवून दिले जातात. तो देश मालदीव. त्या कराराचं पुढच्या आठवड्यात.