पैज, जुगार आणि खेळाडूची शिक्षा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण सौंसरला एकत्र जमलो आहोत, त्यांनी वर्गाइतकेच मैदानालाही शाळा मानले होते. म्हणून मैदानावरचाच एक अवघड प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. महाविद्यालयात शिकणारा खेळाडू खेळावर पैसे लावू लागला, किंवा पैशासाठी स्वतःचा खेळच विकू लागला, तर त्याला शिक्षा कोणती असावी? मी भाषेचा अध्यापक आहे, कायद्याचा पंडित नव्हे. तेव्हा आरंभ शब्दांपासून करणे मला सोयीचे.

‘पैज’ हा शब्द ‘प्रतिज्ञा’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतातून आला आहे. पैजेच्या मुळाशी शपथ आहे. ‘मी हे करून दाखवीन’ असे म्हणणारा स्वतःचे बळ पणाला लावतो. ‘जुगार’ मात्र ‘द्यूतकार’ या शब्दाचा वंशज. तेथे पणाला लागते ते धन, आणि फळ ठरते ते दुसऱ्याच कशावर तरी. मनुस्मृतीने याहून सूक्ष्म भेद केला आहे. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते ‘द्यूत’ आणि सजीवांवर पण लावतात तो ‘समाह्वय’. शंकरपटातील बैलजोडीवर किंवा कोंबडबाजारातील कोंबड्यावर लागणारा पैसा हा समाह्वयच होय. क्रिकेटपटूवर लागणारा पैसाही त्याच जातीचा. फरक इतकाच, की बैलाला आपल्यावर पैसा लागला आहे हे ठाऊक नसते. खेळाडूला ते कळते, आणि कळल्यावर तो स्वतःला विकू शकतो. प्रतिज्ञा करणाऱ्याने स्वतःच समाह्वयातील बैल व्हावे, हे या अपराधाचे खरे स्वरूप आहे.

शिक्षेबाबत आपल्या परंपरेत एकमत नव्हते. मनूने राजाला द्यूत आणि समाह्वय ही दोन्ही निपटून काढण्यास सांगितले. कौटिल्याने व्यवहार पाहिला. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एका ठिकाणी आणला, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पणांचा दंड ठेवला आणि जिंकलेल्या धनातून शेकडा पाच राज्यासाठी घेतले. परंतु कपटाने खेळणाऱ्याची गोष्ट त्याने निराळी काढली. त्याचे जिंकलेले धन काढून घ्यावे आणि वर अधिक मोठा दंड करावा, असे त्याचे विधान आहे. पैसे लावणे आणि खेळात कपट करणे हे दोन भिन्न अपराध आहेत, हा विवेक अर्थशास्त्रात स्पष्ट दिसतो. आपल्या आजच्या व्यवस्थेत तो पुरता उतरलेला नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने जुगार हा विषय राज्यांकडे दिला आहे. मध्यप्रदेशाकडे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा वारशाने आला, तर महाराष्ट्राकडे १८८७ चा मुंबईचा कायदा. आपण सीमेवरची माणसे. सावनेरकडून सौंसरला येताना बोलीही बदलत नाही, पण कायदा बदलतो. १८६७ च्या मूळ कायद्यात जुगारघरात सापडलेल्याला शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद एवढीच शिक्षा होती. जुगाराला घर लागते, या समजुतीवर तो उभा होता. आता ते घर खिशातील दूरध्वनीत मावते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद त्यात आहे. नुसते पैसे लावणाऱ्यास मात्र त्याने गुन्हेगार ठरवलेले नाही. जाळे टाकणारा आणि जाळ्यात सापडणारा यांत केलेला हा भेद मला योग्य वाटतो.

खेळ विकण्याच्या अपराधाकडे वळले की कायद्याची पोकळी दिसते. मे २०१३ मध्ये आयपीएलच्या सामन्यांत ठरवून धावा दिल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी श्रीसंत, अजित चंडिला आणि मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना अटक केली. संघटित गुन्हेगारीविरुद्ध महाराष्ट्राने केलेला मोक्का कायदाही तेथे लावण्यात आला. जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने या सर्वांना आरोपमुक्त केले. क्रिकेट मंडळाने मात्र सप्टेंबर २०१३ मध्येच श्रीसंत व चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घातली होती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीसंतच्या शिक्षेच्या प्रमाणाचा पुनर्विचार करण्यास मंडळाला सांगितले आणि ती बंदी सात वर्षांवर आली. पुढे चव्हाणचीही आली. एकाच घटनेत एकीकडे शून्य शिक्षा आणि दुसरीकडे आजन्म शिक्षा! खेळातील लबाडीसाठी २०१३ मध्ये विधेयकाचा मसुदा झाला, २०१६ मध्ये लोढा समितीने आणि २०१८ मध्ये विधी आयोगाने असा गुन्हा कायद्यात आणण्याची शिफारस केली. पण तसा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तर सामना ठरवून खेळणे हा फसवणुकीच्या कलमाखाली गुन्हा होत नाही, असा निर्णय दिला.

आता नागपूरचे उदाहरण घेऊ. जानेवारी २००७ मध्ये तेथे भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला. त्या सुमारास मार्लन सॅम्युअल्स हा खेळाडू आणि एक सट्टेबाज यांचे दूरध्वनीवरील संभाषण नागपूर पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. खेळाची बदनामी होईल असा लाभ स्वीकारल्याच्या दोषावरून मे २००८ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. बंदी संपली, तो परतला आणि २०१२ व २०१६ या दोन्ही विश्वचषकांच्या ट्वेंटी-२० अंतिम सामन्यांत सामनावीर ठरला. मुदतीची शिक्षा माणसाला परत आणते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणून मी कित्येकदा सांगत असे. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच खेळाडूवर, दुसऱ्या एका स्पर्धेच्या संदर्भात मिळालेले लाभ न कळवल्याच्या आणि चौकशीस सहकार्य न केल्याच्या दोषावरून, सहा वर्षांची बंदी आली. उदाहरण माझ्याच अंगावर उलटले! तरीही त्यातून शिक्षेला मुदत नसावी असे निघत नाही. परतलेल्या माणसावर डोळा ठेवावा आणि दुसऱ्या अपराधाला पहिल्याहून जड शिक्षा असावी, एवढेच निघते.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. मी शिकवीत होतो त्या एका महाविद्यालयात व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात आमच्या एका विद्यार्थ्याने पैसे घेऊन चेंडू मुद्दाम बाहेर मारले, असे उघडकीस आले. चौकशी समितीत मी होतो. मुलगा खाली मान घालून म्हणाला, “सर, मॅच तर आम्ही तशीही हरलोच असतो.” आम्ही संतापलो. त्याचे नाव महाविद्यालयातून कमी करण्याचा ठराव एकमताने झाला आणि त्यावर माझीही सही आहे. तो मुलगा पुन्हा शिकला नाही. पैसे देणारा मात्र महाविद्यालयासमोरच्या पानठेल्यावर पूर्वीसारखाच उभा असे. त्याच्याविषयी आम्ही एक ओळही लिहिली नव्हती.

त्या मुलाचा युक्तिवाद नवा नव्हता. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने १९५० मध्ये तेथील दोन्ही मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, आणि १९५१ मध्ये त्याच संघातील खेळाडूंना पैसे घेऊन गुणांचा फरक ठरवल्याबद्दल अटक झाली. या प्रकारात हरावेच लागते असे नाही, थोड्या फरकाने जिंकले तरी सट्टेबाजाचे काम होते. म्हणूनच खेळाडू स्वतःची समजूत घालू शकतो. अशा अनुभवांनंतर अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०२३ मध्ये शिक्षेच्या पायऱ्या आखल्या. स्वतःच्या सामन्यावर पैसे लावणाऱ्याला किंवा त्याचा निकाल फिरवणाऱ्याला खेळातून कायमचे बाद होण्याची शिक्षा. इतर सामन्यांवर दोनशे डॉलरपर्यंतची रक्कम लावणाऱ्याला केवळ प्रबोधनाचा वर्ग. त्याहून मोठ्या रकमेला हंगामातील काही सामन्यांची बंदी.

या सर्वांतून मला जे सुचते ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्यांच्या सामन्यावर प्रथमच अल्प रक्कम लावणारा विद्यार्थी हा शिक्षेपेक्षा शिकवणीचा विषय आहे. स्वतःच्या खेळावर पैसे लावणाऱ्यास काही हंगाम मैदानाबाहेर ठेवावे. खेळ विकणाऱ्यास दीर्घ बंदी असावी, कारण त्याने संघातील सोबत्यांची प्रतिज्ञाही विकली. आमिष आल्याबरोबर शिक्षकाला येऊन सांगणाऱ्याला मात्र अभय असावे. अभय नसेल तर कोणीही सांगणार नाही. आणि पानठेल्यावरचा जो माणूस, त्याच्यासाठी फौजदारी कायदा असावा व तो सर्वांत कठोर असावा.

एक मर्यादा मात्र कोणीही ओलांडू नये. बंदी मैदानाची असावी, वर्गाची नसावी. खेळातून बाद झालेला मुलगा वर्गातही नको म्हणणारी संस्था त्याला नेमकी त्या पानठेल्याकडेच पाठवते. ज्या सहीने मी एका मुलाला तिकडे पाठवले, ती आता पुसता येत नाही. या शाळेचे माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या संस्थांच्या समित्यांवर बसतात. असा एखादा कागद त्यांच्यापुढे सहीसाठी येईल, तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा वाचून पाहावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.