चंद्राच्या कक्षेंतील नाताळ

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं शास्त्रवाचनाच्या तासास एका मुलानें आम्हांस प्रश्न केला, "सर, इतकीं माणसें आकाशांत जाऊन आलीं, त्यांपैकीं कोणास देव दिसला काय?" वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, आणि घंटा झाल्याचें निमित्त करून विषय तेथेंच सोडला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरीं आला. मुलगा थट्टा करीत नव्हता, हें त्याच्या मुद्रेवरून आम्हांस कळलें होतें. म्हणून त्याचें देणें या पानांतून फेडण्याचा हा प्रयत्न.

प्रश्न नवा नव्हे. रशियन अंतराळवीर घेर्मान तितोव्ह यानें १९६१ सालीं पृथ्वीस सतरा प्रदक्षिणा घातल्या, आणि पुढील वर्षीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं तो म्हणाला कीं, आपणांस तेथें देव अथवा देवदूत आढळले नाहींत. या उत्तराचा आम्हांस राग येत नाहीं. दोनशें किलोमीटर उंचीवर देव बसलेला सांपडेल, असें आमच्या शास्त्रानेंही कधीं म्हटलेलें नाहीं. पण आकाशांत गेलेल्या माणसांस काय वाटलें, हें विचारण्याजोगें आहे खास.

१९६८ च्या डिसेंबरच्या २१ व्या तारखेस फ्रँक बोरमन, जेम्स लोव्हेल व विल्यम अँडर्स हे तिघे अमेरिकन अपोलो ८ या यानांतून चंद्राकडे निघाले. पृथ्वीची कक्षा सोडून गेलेलीं हीं पहिलीं माणसें. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर. तेथून निघालेला शब्द बिनतारी लहरींनीं येथें पोंचावयास सव्वा सेकंदाहून थोडा अधिक काळ लागतो. २४ तारखेस यान चंद्राच्या कक्षेंत शिरलें, व पृष्ठभागापासून सुमारें ११० किलोमीटरांवरून, दोन तासांस एक याप्रमाणें, त्यानें दहा प्रदक्षिणा घातल्या. प्रत्येक फेरींत सुमारें पाऊण तास तें चंद्राच्या आड जाई आणि पृथ्वीशीं बोलणें तुटे.

खरी चिंता परतीची होती. कक्षेंतून सुटून घराकडे वळावयाचें तर यानाचा वेग सेकंदास सुमारें एक किलोमीटरानें वाढविणें अवश्य, आणि तें काम करणारें इंजिन एकच. तें पेटलें नाहीं तर तिघांस चंद्राभोंवतीं फिरत राहणें भाग होतें. मदतीस जाईल असें दुसरें यान नव्हतें. म्हणून रचणाऱ्यांनीं तें इंजिन शक्य तितकें साधें ठेविलें होतें. इंधन पुढें ढकलावयास पंप नाहीं, हेलियम वायूचा दाब. पेटवावयास ठिणगी नाहीं, कारण त्यांतील दोन द्रवांची नुसती गांठ पडली कीं ते आपोआप पेट घेत. एवढें करूनही तें चालवावयाचें चंद्राच्या आड असतांना, म्हणजे चाललें कीं नाहीं हें त्या क्षणीं पृथ्वीवर कोणासच कळावयाचें नाहीं. हा लेख वाचणाऱ्या आईबापांनीं त्या तिघांच्या घरचीं माणसें क्षणभर डोळ्यांपुढें आणावीं. इंजिन चाललें, आणि २७ तारखेस तिघे प्रशांत महासागरांत सुखरूप उतरले.

चंद्राभोंवतीं असतांना यानांतून दूरचित्रवाणीवर एक प्रक्षेपण झालें. तें कोट्यवधि लोक ऐकतील, तेव्हां प्रसंगास शोभेल असें कांहीं बोला, एवढेंच बोरमनला आधीं सांगण्यांत आलें होतें. काय बोलावें हें मोठमोठ्यांस सुचेना. शेवटीं एका माजी वार्ताहराच्या पत्नीनें सुचविलें कीं, उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभापासून वाचावें. तीं वचनें न जळणाऱ्या कागदावर टंकलिखित होऊन यानाबरोबर गेलीं. अँडर्सनें पहिलीं चार वाचलीं, लोव्हेलनें पुढील चार, बोरमननें नववें व दहावें. खालून चंद्राची राखाडी, निर्जीव भूमि सरकत होती, आणि वाचलें जात होतें तें प्रकाश, जल व कोरडी भूमि यांविषयीं. तें सुचविणाऱ्या गृहिणीचें आम्हांस त्या वीरांइतकेंच कौतुक वाटतें. पुढें एका नास्तिक बाईनें या वाचनाबद्दल सरकारी खात्यावर फिर्याद केली. ती न्यायालयानें काढून टाकली.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती गाळली असती तर लेख अधिक गोड झाला असता. त्याच दिवशीं चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या निळ्या पृथ्वीचें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें तें अँडर्सनेंच. उत्पत्तीचीं पहिलीं वचनें वाचणारा हा अँडर्स उतारवयांत म्हणाला कीं, पृथ्वीचें तें इवलेंपण पाहून आपल्या धर्मश्रद्धेस धक्का बसला. आठव्या स्तोत्राचा कर्ताही रात्रीचें आकाश पाहून माणसाच्या याच क्षुद्रपणापाशीं अडखळला होता. मात्र तो तेथून स्तुतीकडे वळला. आम्ही स्तोत्रकर्त्याच्या बाजूचे. तरी अँडर्सला प्रामाणिकपणें जें वाटलें तें त्यानें सांगितलें, याबद्दल त्याचा आदर करणें आम्हांस जड जात नाहीं. या दोघांचा वाद एखादें यान आणखी दूर धाडून मिटेल असें कांहीं आम्हांस दिसत नाहीं.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हां हें सारें आम्हीं त्या मुलास सांगितलें. तो कांहीं वेळ उगाच उभा राहिला, मग म्हणाला, "सर, तें वाचन त्यांनीं इंजिन पेटण्यापूर्वीं केलें, कीं नंतर?"

हें आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. पुस्तकें पुन्हा उघडावीं लागलीं. वाचन झालें तेव्हां आपल्याकडे २५ डिसेंबरची सकाळ उजाडली होती. सुमारें साडेआठ वाजले होते, नाताळच्या उपासनेची वेळ. इंजिन पेटलें तें साडेअकरा वाजून गेल्यावर.