हिरड्या कापून घेण्याआधी

दात दुखू लागला की माणूस दवाखाना गाठतो. हिरडीकडे मात्र रक्त येईपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अलीकडे यात थोडा फरक पडला आहे. तालुक्याच्या गावी दातांचे दवाखाने वाढले, घरोघरी फोटो काढणे वाढले, आणि 'हसताना हिरड्या फार दिसतात', 'हिरड्या काळ्या आहेत' अशा तक्रारी घेऊन तरुण मंडळी डॉक्टरांकडे जाऊ लागली. लग्नाच्या वयाच्या मुलींना तर घरचीच माणसे हे बोलून दाखवतात. मग कोणी सांगते, 'हिरड्या कापून आकार देतात, अर्ध्या तासाचे काम आहे.' घरातले दूध विकून किंवा सोसायटीचे कर्ज काढून पैसे उभे केले जातात.

अशी शस्त्रक्रिया खरोखर असते. योग्य रोग्यावर, योग्य हाताने केली तर ती चांगली होते. पण कापलेली हिरडी परत जागेवर चिकटवता येत नाही. म्हणून ती करून घेण्यापूर्वी प्रत्येकाने काय जाणून घ्यावे, ते या अंकात देत आहोत.

हिरडीचे काम काय?

नारळाच्या बुंध्याभोवती मातीची भर असते, तशी दाताच्या मुळाभोवती हाड आणि हाडावर हिरडी असते. भर वाहून गेली की मुळे उघडी पडतात. हिरडी गेली की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर दाताच्या वरच्या भागासारखे कठीण कवच नसते. त्यामुळे गार पाणी लागताच कळ येते आणि कीडही लवकर लागते.

हिरडी दाताला व हाडाला चिकटलेली असते. १९६१ साली गार्जुलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांवर मोजमापे घेतली. हाडाच्या काठापासून वर हिरडीची ही चिकटलेली पट्टी सरासरी २ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी, असल्याचे त्यांना आढळले. ही पट्टी शरीराला लागतेच. डॉक्टरांनी हाड कुठे आहे हे न पाहता हिरडी कापली, तर एकतर ती काही महिन्यांत पुन्हा वाढते, नाहीतर तेथे सूज व रक्तस्राव कायमचा राहतो. म्हणून कापण्यापूर्वी बारीक सळईने हिरडीची खोली मोजणे व एक्स-रे काढणे आवश्यक आहे.

हिरड्या जास्त का दिसतात?

हसताना वरच्या दातांवर एक-दोन मिलिमीटर हिरडी दिसणे हे नेहमीचेच आहे. साधारण ३ मिलिमीटरहून अधिक दिसली तर काहींना ते खटकते. त्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

१) कीटण व सूज : दात नीट न घासल्याने चिकट थर साचतो, त्याचे कीटण बनते, हिरडी लाल होऊन फुगते. येथे कापण्याची घाई करू नये. दात साफ करून घेतले व रोज दोन वेळा नीट घासले, तर काही आठवड्यांत सूज उतरते व बरेचदा हिरडी आपोआप बारीक होते.

२) हिरडी दातावर जास्त खाली राहणे : दात पूर्ण आला तरी काहींची हिरडी त्याच्यावरून मागे सरत नाही, म्हणून दात आखूड व चौकोनी दिसतात. हिरडीला आकार देण्याची शस्त्रक्रिया मुख्यतः यांच्यासाठी आहे.

३) वरचा ओठ आखूड असणे किंवा हसताना फार वर जाणे : येथे हिरडीत दोष नसतो. ती कापून उपयोग नाही. ओठाच्या स्नायूत इंजेक्शन देतात, पण त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो.

४) वरचा जबडा उभा वाढलेला असणे : याला दातांना तारा लावणे किंवा जबड्याची मोठी शस्त्रक्रिया लागते. ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन इस्पितळातच होते.

५) औषधांमुळे हिरडी वाढणे : याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.

६) अंगातला दुसरा आजार : हिरड्या एकाएकी फुगल्या, आपोआप रक्त येऊ लागले, सोबत ताप, थकवा, अंगावर निळे डाग असतील तर आधी रक्ततपासणी करावी. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी अशी दिसते. गरोदरपणातही हिरड्या सुजतात; बाळंतपणानंतर ती सूज बहुधा उतरते.

गोळी बंद करू नका

फिट येणाऱ्या रोग्यांना फेनिटॉइन ही गोळी देतात. ती १९३८ पासून वापरात आहे, आणि तिच्यामुळे हिरड्या वाढतात हे १९३९ सालीच नोंदले गेले. रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन व निफेडिपिन या गोळ्या, आणि मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन, यांनीही काहींच्या हिरड्या वाढतात. तोंड जितके अस्वच्छ तितकी वाढ अधिक.

येथे एक धोका आहे. मुलीचे लग्न ठरते, हिरड्या वाढलेल्या दिसतात, कोणीतरी सांगते की हे गोळीमुळे आहे, आणि घरात गुपचूप गोळी बंद होते. फिटची गोळी एकदम बंद केली तर फिट्स एकामागून एक येऊ शकतात व जीवही जाऊ शकतो. चुलीजवळ, विहिरीवर, शेतातल्या यंत्रापाशी आलेली एक फिट पुरेशी आहे. म्हणून ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांनाच हिरड्या दाखवाव्यात. दुसरी गोळी देता येते का, हे ते ठरवतील. रक्तदाबाच्या गोळीचेही तेच. गोळी बदलल्यावर व दात साफ ठेवल्यावर हिरडी पुष्कळदा कमी होते. राहिलेली वाढ मग कापता येते. पण गोळी तीच राहिली व तोंड अस्वच्छ राहिले, तर कापलेली हिरडी पुन्हा वाढते.

शस्त्रक्रिया कशी होते?

हिरडीत इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. रोगी जागाच असतो. फक्त जादा हिरडी काढायची असेल तर ती चाकूने, विजेच्या उपकरणाने किंवा लेसरने काढतात. लेसरने रक्त कमी येते. पण लेसर आहे म्हणून काम आपोआप चांगले होत नाही. हात आणि मोजमाप महत्त्वाचे. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी ते आधी सांगावे, कारण विजेच्या उपकरणाचा त्यांना त्रास होऊ शकतो.

हाडाचा काठ दाताच्या कवचाला फार जवळ असेल तर हिरडी बाजूला करून थोडे हाडही घासावे लागते व टाके घालावे लागतात. हे अधिक मोठे काम आहे आणि ते हिरड्यांच्या तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

याच्या उलट, काहींची हिरडी मागे सरून मुळे उघडी पडलेली असतात. त्यांना हिरडी कापायची नसून झाकायची असते. त्यासाठी टाळूचा पातळ तुकडा काढून तेथे लावतात.

वरची जखम साधारण एक ते दोन आठवड्यांत भरते. हिरडी पक्की होण्यास आणखी काही आठवडे लागतात. हाड घासले असेल व पुढच्या दातांवर टोप्या बसवायच्या असतील तर तीन ते सहा महिने थांबावे लागते. ईस्टरनंतर लग्न असेल तर उपवासकाळ सुरू झाल्यावर डॉक्टरांकडे धावण्यात अर्थ नाही. आगमनकाळाच्या आधीच विचारून घ्यावे.

काळ्या हिरड्या

आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या काळसर असतात. कातडीला ज्या द्रव्याने रंग येतो, त्यानेच हिरडीलाही येतो. हा रोग नव्हे. काळसर हिरडी घट्ट असेल व तिच्यातून रक्त येत नसेल, तर ती निरोगी आहे. गुलाबी पण सुजलेल्या हिरडीपेक्षा ती कधीही चांगली. वरचा थर खरवडून रंग काढता येतो, पण काही महिन्यांनी वा वर्षांनी तो पुष्कळदा परत येतो. विडी-सिगारेटनेही हिरडी काळी पडते. नवीन एकच काळा डाग उठला व वाढू लागला तर मात्र तो दाखवावा.

कोणी थांबावे?

पुढील मंडळींनी केवळ दिसण्यासाठी हिरडी कापून घेण्याची घाई करू नये :

- अठरा वर्षांखालील मुले. वाढत्या वयात हिरडी आपोआप थोडी मागे सरते.
- गरोदर स्त्रिया.
- साखर ताब्यात नसलेले मधुमेही. त्यांची जखम लवकर भरत नाही.
- तंबाखू, गुटखा, मशेरी, विडी न सोडलेले. त्यांचीही जखम नीट भरत नाही.
- तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जुनी जखम, पांढरा वा लाल चट्टा असलेले. आधी कर्करोगाची तपासणी.

हृदयाची झडप बदललेल्यांना किंवा हृदयाच्या आतील आवरणाला पूर्वी जंतुसंसर्ग झालेल्यांना शस्त्रक्रियेपूर्वी जंतुनाशक औषध द्यावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तसे सांगावे, पण गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत.

डॉक्टरांना हे विचारा

१) माझ्या हिरड्या कशामुळे जास्त दिसतात?
२) नुसती सफाई करून काही आठवडे वाट पाहिली तर चालेल का?
३) हाड कुठे आहे हे मोजले का? हाडही घासावे लागेल का?
४) हिरडी पुन्हा वाढेल का? दात शिवशिवतील का?
५) एकूण खर्च किती? औषधे व पुढच्या फेऱ्या त्यात धरल्या आहेत का?

खर्च कागदावर लिहून मागण्यात संकोच नको. बियाण्याची पिशवी घेताना आपण पावती मागतोच. डॉक्टरांची पदवी व राज्याच्या दंत परिषदेतील नोंदणी पाहावी. बाजारात खुर्ची टाकून बसलेल्यांकडे किंवा सौंदर्यगृहात हे काम मुळीच करू नये. बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय, बेळगावचे के.एल.ई. दंत महाविद्यालय, इंदूर व हैदराबाद येथील शासकीय दंत महाविद्यालये अशा ठिकाणी हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. दंत महाविद्यालयात खर्च सहसा खासगी दवाखान्याहून कमी येतो. एकदा तेथे दाखवून दुसरे मत घेतल्यास नुकसान काहीच नाही.

नंतरची काळजी

पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये, थुंकू नये. गार पेज, मऊ भात, दही-भात खावे. भाकरी, चिवडा, तिखट व गरम पदार्थ काही दिवस टाळावेत. रक्त आले तर स्वच्छ ओला कापसाचा बोळा पंधरा-वीस मिनिटे दाबून धरावा; तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचे पाणी दिले असेल तर सांगितले तितकेच दिवस वापरावे. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते सफाईने निघतात. दुखल्यास डॉक्टरांनी दिलेलीच गोळी घ्यावी. हळद, चुना, तंबाखूची राख जखमेवर लावू नये. ताप आला, पू दिसला किंवा सूज वाढत गेली तर वाट पाहू नये.

दोन-तीन दिवस पोती उचलणे, मळणी, औषधफवारणी यांपासून दूर राहावे. म्हणून ऐन सुगीत ही शस्त्रक्रिया ठरवू नये. उपवासकाळात ती झालीच, तर आजाऱ्यांना उपवासातून मोकळीक आहे हे ध्यानात असावे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाचा नियमही आजारी माणसाला लागू होत नाही. औषध वेळेवर घ्यावे.

शेवटी

संत अपोलोनिया ही दातांच्या रोग्यांची आश्रयदाती. इ.स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले, तरी तिने श्रद्धा सोडली नाही. ९ फेब्रुवारीला तिचे स्मरण करतात. त्या दिवसाच्या निमित्ताने प्रत्येक घराने एक काम करावे. उजेडात आरसा धरून सर्वांच्या हिरड्या पाहाव्यात. रक्त, सूज, पू, चट्टा दिसला तर दाखवावे. मशेरीचा डबा घराबाहेर टाकावा. ब्रश जुना झाला असेल तर बदलावा.

आणि घरातल्या मुलीला तिच्या हसण्यावरून बोलू नये. तिचे तिलाच खटकत असेल व वरील तपासण्यांतून उपाय योग्य ठरला, तर तिने तो जरूर करावा. त्यात पाप नाही. पण पाहुणे काय म्हणतील या भीतीने निरोगी हिरडी कापण्यासाठी घरावर कर्ज करू नये. तेवढ्या पैशात घरातल्या सर्वांच्या दातांची सफाई होऊन वर पेरणीच्या खतालाही काही उरेल.